चुन्याचे डाग आणि एक न धुतला जाणारा

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, "कामून?" निवृत्त बाईकडे लोक दोनच कामांसाठी येतात, वर्गणीला नाहीतर ओळख काढायला. ते म्हणाले, "आक्का, तुमच्या नोकरीतलं लिहा." मी म्हटलं, माझी नोकरी चकली खाता खाता वाचण्यासारखी नाही. ते म्हणाले चालेल. मला अजून शंका आहे, पण लिहिते. तुम्ही आपला फराळ उरकून घ्या आणि मग वाचा.

मी कुष्ठरोगाच्या कामाला होते. औराद, कमलनगर, चिंताकीकडची सीमाभागातली खेडी फिरायची, लोकांची अंगं बघायची आणि संशय घ्यायचा. हा शब्द माझा नाही, सरकारचाच आहे. ज्याच्या अंगावर फिकट डाग दिसला तो आमच्या भाषेत 'संशयित'. एवढी वर्षं पगार घेऊन संशय घेतल्यावर माणसाचा स्वभाव काय राहणार? मी लग्नाला गेले की आधी नवरदेवाच्या कानाच्या पाळ्या बघते, जाड झाल्यात का म्हणून. नवरी मग बघते. आमचे मालक म्हणतात, "हिला लग्नाला न्यायचं म्हंजे जमादाराला न्यायचं."

हा रोग मुका आहे. डाग खाजत नाही, दुखत नाही, आग होत नाही. उलट तिथलं कळणंच निघून जातं. खाज सुटली असती तर माणूस आपल्या पायानं दवाखान्यात आला असता. शिरा आतून मरत जातात, बोटं वाकतात, चटका बसला तरी समजत नाही, जखम चिघळते. रगतपितीनं बोटं झडतात असं लोक म्हणतात. बोटं रोगानं झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. गोळ्या फुकट आहेत, रोग पुरता बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही बडबडते म्हणे.

तपासणी साधी असते. डोळे मिटायला लावायचे, पिसानं हळूच शिवायचं आणि म्हणायचं, जिथं शिवलं तिथं बोट ठेव. पण लोक लई लबाड. अंदाजानं बोट ठेवतात, पापणीच्या फटीतून बघतात. म्हणून मध्येच एकदा अजिबात न शिवता विचारायचं, "आता कुठं?" जो "हितं" म्हणाला, त्याचं आधीचं सगळंच खोटं धरायचं. ही युक्ती मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवली. डाग झाकणाऱ्या माणसाला त्या युक्तीनं मी कितीदा तरी पकडलं.

पीस कोंबडीचं. आमचं घर लिंगपूजेचं, मांसाचं नाव काढायची सोय नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना माझ्या पर्समध्ये कोंबडीचं पीस सापडलं. त्या दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. मला वाटतं, त्या पिसाचं काम काय हे त्यांना कळल्यावर त्या आणखी दोन दिवस प्यायल्या नसत्या. म्हणून मी सांगितलंच नाही, बाहेर खाते असंच समजू दिलं.

गिऱ्हाईक म्हणावं तर एकेक नग भेटले. कमलनगरच्या बाजारात एक कापडवाले अण्णा होते, ऐन वैशाखात मनगटापर्यंत बटणं लावलेली. मी वर्षभर त्यांच्याकडून नको असलेले ब्लाऊजपीस घेत राहिले, एकदा तरी बाही वर सरकेल म्हणून. शेवटी तेच म्हणाले, "आक्का, किती कापड घेशाल? या आत, बगा हात." बरे झाले. त्यानंतर दुकानापुढून गेले की मान वळवून घ्यायचे. बरा झालेला माणूस आम्हाला ओळख दाखवत नाही. सुरुवातीला राग यायचा, पुढं सवय झाली.

आता त्या चित्रांच्या पुस्तकाचं सांगते.

माझी नोकरी संपत आली होती. बेंगळुरूच्या एका संस्थेनं मुलांसाठी कॉमिक काढलं, कानडीत आणि मराठीत. आमच्या भागातल्या मराठी शाळांत ते वाटायचं होतं. चित्रं काढणारा किरण नावाचा पोरगा कलबुर्गीचा, दखनी झोकात मराठी बोलायचा. पुस्तकातल्या मुलाच्या हातावर डाग उठतो. गाव त्याला दूर करतं, त्याचा पेला वेगळा ठेवतं. मग एक दिवस कडब्याच्या गंजीला आग लागते आणि ती घरांना धरते. डागाचा हात आगीत भाजत नाही. तो त्या हातानं माणसं बाहेर काढतो आणि होतो अग्निबाहू. डाग चांदण्यासारखा चमकायला लागतो. ज्यांनी पेला वेगळा ठेवला होता, तेच त्याच्या ओंजळीनं पाणी पितात.

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"किरण अण्णा," मी म्हटलं, "हात भाजलेला कळत न्हाई, ही ताकत न्हवं. हाच तर रोग हाय."

"मालूम है अक्का. पण पोरांना शिवायची भीती वाटू नये, एवढंच सांगायचं हाय."

"मग सरळ सांगा की."

"सरळ सांगणारा तुमचा कागद दवाखान्याच्या भिंतीवर कधीचा लावलेला हाय. कोन वाचलं?"

त्या कागदावर लोक पानाचा चुना पुसतात हे मलाही माहीत होतं. मी गप्प बसले, पण माझा संशय गप्प बसला नाही.

दोन महिन्यांनी चिंताकीच्या बाजूच्या एका गावात शाळेच्या तपासणीला गेले. गावाचं नाव सांगणार नाही, आमच्या कामात सांगायचं नसतं. मैदानात पोरं खेळत होती. बघते तर काय, झाडून सगळ्यांच्या डाव्या हातावर पांढरा डाग. जवळ गेले तर चुना. आजोबांच्या तंबाखूच्या डबीतला चुना चोरून पोरं अग्निबाहू झाली होती. सर हसत म्हणाले, "आक्का, गावातल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडं तक्रार आणलीय. डब्याच रिकाम्या व्हायल्यात."

मला हसू आलं नाही. एवढ्या खोट्या डागांत खरा डाग मी हुडकायचा कसा? मी सगळ्यांना हापशावर नेलं. म्हटलं, धुवा हात. एकेक पोरगं कुरकुरत हात धुवायचं, डाग वाहून जायचा, खाली सावळी कातडी. एक मुलगी मात्र हापशापाशी येईना. सर म्हणाले, "अंबिका, जा की." हे नाव मी ठेवलेलं आहे. ती आली. हात धुतला. चुना गेला आणि खाली तसाच डाग राहिला, फिकट, कडेला तांबूस.

पोरांनी एकदम गिल्ला केला, "आमची अंबिका खरी अग्निबाहू हाय. तिला कायबी भाजत न्हाई." एकानं तिचा हात धरून मला तळवा दाखवला. करंगळीच्या खाली भाजल्याचा मोठा फोड होता. तिनं सगळ्यांसमोर शाळेचा आहार शिजवायच्या चुलीवरचं पातेलं धरून दाखवलं होतं. करंगळी सरळ कर म्हटलं तर नीट होईना. किरणचं पुस्तक त्या क्षणी माझ्या हाताशी असतं तर मी त्याच चुलीत घातलं असतं.

पण सरांनी नंतर बाजूला घेऊन एक सांगितलं. त्याआधी वर्षभर ही पोरगी पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालून यायची. जेवणाच्या ओळीत शेवटाला बसायची. एकदा पोरांना डाग दिसला होता, तेव्हापासून तिच्याजवळ कुणी ताट मांडत नव्हतं. पुस्तक आलं आणि पंधरा दिवसांत तीच ओळीत पहिली बसायला लागली. बाह्या तिनं आपण होऊन वर केल्या. "आता खरं काय मानायचं ते तुमी ठरवा," सर म्हणाले. मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. बाप हैदराबादला बांधकामावर. आई, शांताबाई, शेतमजुरी करणारी. मी तोंड उघडायच्या आधी तिनं दार लोटून घेतलं. म्हणजे तिला माहीत होतं.

"आक्का, पाया पडते. थोरलीचं हितल्या मेहकरला जमलंय. ह्यो शब्द गावात फुटला की ते लोक उंबऱ्यावरनं माघारी जातील. लगीन होऊ द्या, मग काय बी गोळ्या द्या."

"लगीन उन्हाळ्यात. करंगळी तवर थांबंल का?"

"एका बोटापायी दुसरीचा संसार मोडू व्हय?"

एक लेक की दुसरी, हे गणित मला सरकारनं शिकवलेलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की गोळ्या गुपचूप सुरू करायच्या. महिन्याची मोठी मात्रा माझ्यासमोर, कमलनगरच्या बाजाराच्या दिवशी. रोजच्या गोळ्या घरी, आईच्या हातानं. शिरेच्या सुजेवरचं औषध डॉक्टरांनी वेगळं दिलं. कुणालाही काही सांगायचं नाही. शांताबाईनं अंबिकाला शपथ घातली. मी घातली नाही, कारण शपथेवर माझा विश्वास नाही.

ह्या गोळ्यांत एक तपकिरी गोळी असते. ती रोज खाल्ली की काही महिन्यांत कातडी काळवंडते. औषध थांबलं की रंग हळूहळू परत येतो. आम्हा लोकांना तो काळा रंग बघून बरं वाटतं, कारण तो खोटं बोलत नाही. संक्रांत झाली. बाजारात अंबिका समोर आली तर रंग तसाच. पुढच्या महिन्यात बघितलं, तरी तसाच. मी मनात म्हटलं, शांताबाई, पकडलं तुला. लग्नाच्या तोंडावर पोरगी काळी पडली तर पाव्हणे विचारतील, म्हणून ही बाई गोळ्या उकिरड्यात टाकायलीय.

कुणाला न सांगता सकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"शांताबाई, गोळ्या कुठं टाकायलाव?"

ती भाकरी थापत होती. परातीतला हात तसाच राहिला. "मी माझ्या हातानं देते. पाणी बी मीच देते. तुमाला माझा भरवसा न्हाई तर ह्या बगा, तुमीच द्या." पिठाच्या हातानं तिनं फळीवरून पाकीट काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. बरोबर त्या तारखेपर्यंतचीच घरं रिकामी होती.

मला तरी खरं वाटेना. अंबिकाला बोलावलं, गोळी दिली, पाणी दिलं. ती मान वर करून गटागटा पाणी प्यायली. "तोंड उघड," मी म्हटलं. उघडलं. "जीभ वर कर." करेना. मी हनुवटी धरली. गोळी जिभेखाली होती.

शांताबाईनं तिचा दंड धरला. "रोज म्या दिलेली गोळी तू थुकायलीस? कामून गं?"

अंबिकानं गोळी तळहातावर काढली. मग म्हणाली, "गोळ्या खाल्ल्या की डाग जातोय म्हणं."

"मग, जायलाच पायजे की," मी म्हटलं.

"मग मी अग्निबाहू ऱ्हात न्हाई. पयलं मला कोन बी खेळायला घेत नव्हतं."

गोळ्या चुकवायच्या शंभर तऱ्हा मी बघितल्या होत्या. कुणी लाजेनं, कुणी कंटाळ्यानं, कुणी भगताच्या सांगण्यावरून. डागावर जीव जडला म्हणून गोळ्या थुंकणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. त्या डागानं तिला ओळीत शेवटाला बसवलं होतं आणि त्याच डागानं पहिल्या नंबरला आणलं होतं. तो आता द्यायला ती तयार नव्हती.

मी किरणला फोन केला आणि भरपूर बोलले. तो पोरगा बिचारा दुसऱ्याच दिवशी कलबुर्गीहून बसनं आला. शाळेच्या पडवीत बसून त्यानं अंबिकासमोर नवीन चित्र काढलं. अग्निबाहू गोळी खातोय, डाग गेला तरी बाहू शाबूत. चित्र फर्मास होतं. अंबिकानं ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "हे खोटं हाय. छापलेल्या पुस्तकात असं न्हाई." किरणचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र मनातून ती पोरगी आवडली. माझ्यासारखीच संशयी.

आता माझ्याजवळ उरली होती फक्त माझी तपासणी, तीही पिसाशिवाय. मी तिला तिच्या घरी नेलं. शांताबाई होतीच. अंबिकाला म्हटलं, "डोळे मीट. कोन शिवलं ते सांग." कपाळाला बोट लावलं. "तुमी," ती म्हणाली. उजव्या हाताला आईला शिवायला लावलं. "आई." हसली. मग मी शांताबाईला खूण केली. तिनं लेकीच्या डागावर आपला सगळा तळवा ठेवला.

अंबिका वाट बघत बसली.

"आता कोन शिवलं?"

"कोन बी न्हाई. शिवा की लवकर."

"नीट सांग."

"न्हाईच शिवलं कोन. लबाडी करायलाव तुमी."

"डोळे उघड."

तिनं उघडले. आईचा हात तिच्या हातावर होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मी पोरीकडंच बघत होते, आईकडं बघायचं धाडस झालं नाही.

"कवापसून?" तिनं विचारलं.

"मगापसून," शांताबाई म्हणाली, पण हात काढला नाही.

अंबिकानं त्या दिवसाची गोळी मागून घेतली. गिळली. जीभ आपण होऊन वर केली. मला त्या क्षणी रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. तरी माझी खात्री पटली नव्हती. पुढं प्रत्येक भेटीत मी तोंड उघडायला लावलं.

चैत्र सरता सरता पोरगी चांगली काळी पडली. मी सुखावले आणि शांताबाईची झोप उडाली, कारण डाग तर आणखीनच काळा, उठून दिसायला लागला. त्यातच मेहकरचे पाव्हणे तारीख पक्की करायला येणार. ज्या दिवशी ते आले, त्या दिवशी गावातली यच्चयावत पोरं हाताला डाग लावून गल्लीत हुंदडत होती. ह्या वेळी चुना नव्हता, चुलीची काजळी होती. पाव्हण्यांनी विचारलं, हे काय? कुणीतरी सांगितलं, पुस्तकातला खेळ हाय. अंबिका त्यांच्यातच होती. पाव्हण्यांनी चहा घेतला, तारीख पक्की करून गेले.

सर छातीठोक सांगतात, पोरांनी ते अंबिकासाठी ठरवून केलं. मला शंका आहे. चुन्याच्या डब्या आजोबांनी लपवल्या असतील म्हणून काजळी आली असेल. मी पोरांना खोदून विचारलं, एकही बोललं नाही. एरवी विचारायच्या आधी सगळं भडाभडा सांगणारी पोरं गप्प बसली म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

सगळं गोड झालं असं वाटून घेऊ नका. लग्न झालं, पण अशी गोष्ट किती दिवस झाकणार? पहिल्या पंचमीला थोरलीला माहेरी पाठवलं नाही. पुढं पाठवलं, तर सोबत पाण्याची बाटली आणि भाकरीचं गाठोडं देऊन. म्हणजे माहेरचं पाणीही प्यायचं नाही. शांताबाईनं ते गाठोडं न सोडता गाईपुढं ठेवलं आणि लेकीला आपल्या ताटात जेवू घातलं. पोरांसाठी कुणीतरी पुस्तक काढलं, ह्या सासरच्या म्हाताऱ्यांसाठी काय काढावं ते मला अजून सुचलेलं नाही.

संस्थेनं पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. त्यात अग्निबाहू गोळ्या खातो. किरणनं मला प्रत पाठवली, वर "अक्कांना, भीत भीत" असं लिहून. चांगली आहे. तरी मी ती दोनदा तपासून घेतली.

अंबिकाचा गोळ्यांचा काळ संपला तेव्हा माझी नोकरीही संपायला आली होती. शेवटच्या तपासणीला घरी गेले. करंगळी थोडी वाकडी राहिली, ती तशीच राहणार. डागातलं कळणं सगळ्यांचं परत येत नाही, म्हणून मी काही आशा धरून गेले नव्हते. ती समोर बसली, डोळे मिटले. पीस डागाच्या कडेला लावलं. "हितं." मध्ये लावलं. थोडा वेळ गेला. "हितं." बोट बरोबर जागेवर. मला खरंच वाटेना. अंदाजानं सांगायलीय, मी मनात म्हटलं. मग पीस मुठीत घेतलं, हात मागं नेला आणि न शिवताच विचारलं, "आता कुठं?"

ती गप्प.

"सांग की, आता कुठं?"

"आक्का," डोळे न उघडता ती म्हणाली, "शिवलंच न्हाई तुमी."

चुलीपाशी शांताबाई भांडी विसळत होती. ती उठली, हात पदराला पुसला आणि पुढं आली. मी खूण केली नव्हती. अंबिकाचे डोळे मिटलेलेच होते. शांताबाईनं डागावर तळवा ठेवला आणि मी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

"आई," ती म्हणाली, "किती गार हाय गं हात तुजा."